‘जुळवा’ आणि ‘पूर्ण’च्या मधली ओळ

दुधाच्या पातेल्यावर झाकलेल्या ताटलीवर फोन ठेवलेला होता. तो थरथरला आणि घरभर साचलेली शांतता खणखणली.

जाईचा डोळा नुकता लागला होता. पाळण्याची दोरी मी अजून पुरती सोडलीही नव्हती. एरवी तिच्या झोपेच्या वेळी फोन गोधडीच्या घडीत जायचा. त्या दिवशी दूध उतरवताना हातातला फोन तिथेच ताटलीवर ठेवला गेला. मी धावले. पाळण्यात मूठ हलली, ओठ चोखल्यासारखे हलले आणि पुन्हा सगळं निवांत झालं.

मे महिन्यातला रविवार होता. माझा नवरा हर्षद सासूबाईंना घेऊन मिरजेला लग्नाला गेला होता. जाईला ऊन बाधेल असं निमित्त काढून मी सांगलीतच मागे राहिले होते. खरं कारण टेबलावर उघडं होतं, माझा लॅपटॉप. जाई जितका वेळ झोपेल तितका वेळ माझा, असा तेव्हाचा हिशेब.

नंबर अनोळखी होता. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“हॅलो, तो ओंजळचा नंबर हाच आहे का जी?”

“हो, बोला. कोण बोलताय?”

“मी आत्राम सिस्टर. मिल्क बँकेतून. तुमच्या पानावर खाली लिहून आहे न, समजलं नाही तर या नंबरवर फोन करा म्हणून. तं केला.” आवाज बारीक होता आणि श्वास लागल्यासारखा. “माझ्या हातून काहीतरी होऊन गेलं, ताई. साऱ्या बाटल्या हिरव्या दिसून राहिल्या.”

मागे कुठेतरी एक यंत्र ठरावीक अंतराने टीं टीं करत होतं.

ओंजळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बाळंतिणी आपलं जास्तीचं दूध मिल्क बँकेत देतात. ते तपासून, गोठवून ठेवतात आणि ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांना पाजतात. कुठली बाटली कुणाची, कुठल्या फ्रीजरमध्ये, तपासणी झाली की व्हायची आहे, याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओंजळ. तपासलेली बाटली पडद्यावर हिरवी, निकाल यायचा असेल तर पिवळी. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, कुणीही त्यात भर घालावी. नागपूरच्या खोब्रागडे सरांनी ते लिहिलं होतं आणि आम्ही गावोगावचे काही जण त्यांच्याबरोबर बिनपगारी राबत होतो. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. माझ्याकडे मदत-पानं होती. ती वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली. कुणी वाचणाऱ्याला ‘आपण’ म्हणायचं, कुणी ‘तू’, कुणी सरकारी परिपत्रक लिहावं तसं. त्या सगळ्यांची एक रीत लावायची, हे माझं काम. धोका असेल तर पानाच्या वरच लाल चौकटीत. आधी ‘असं असेल तर’, मग ‘हे करा’. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तीच ओळ, तोच फोन नंबर.

“सिस्टर, कुठलं पान उघडलं होतंत?”

“ते, ‘वीज गेल्यावर’.”



माझी रीत न लागलेलं ते एकच पान होतं.

“‘जुळवा’ दाबलंत?”

“दाबलं न. पानावर लिहून होतं, बाटल्या मोज, आकडा भर, ‘जुळवा’ दाब. मी तसंच केलं. अन् मग खाली पाहिलं तं लिहिलं आहे, आणि हो, पिवळ्या बाटल्या आधी बाजूला टिपून ठेवल्यास ना, नाहीतर त्या तपासलेल्यांत मिसळतील. आता हे आधी नाही सांगायचं का, बाप्पा?”

“‘पूर्ण’ दाबलंत का?”

“नाही. अजून नाही.”

“दाबू नका. कशालाच हात लावू नका.”

“खिडकी बंद करून पुन्हा उघडू काय? आमचा टीव्ही तसाच सुरू होते.”

“नाही!” मी एवढ्या जोरात म्हणाले की दारापलीकडे पाळणा करकरला. मी आवाज खाली आणला. “बंद केलं की जे पडद्यावर दिसतंय तेच ते खरं धरतं. तसंच राहू द्या.”

“राहू तं देते, पण वीज नाही आहे इथं. इन्व्हर्टर बोंबलून राहिला, ऐकू येते न तुम्हाला? तो बंद पडला म्हणजे कॉम्प्युटर बी गेला.”

म्हणजे ते टीं टीं इन्व्हर्टरचं होतं.

“बाटल्यांवरून नाही का ओळखता येत? लॅबला विचारलं तर?”

“बाटलीवर नुसता नंबर राहते. लॅब दुसऱ्या गावी, अन् रविवार. डॉक्टर मॅडमला सांगितलं मी. त्या म्हणते, शंका आहे तं सारं ओतून द्या. बरोबरच आहे त्यांचं, काही बाही पोटात गेलं तं ती लेकरं तगणार आहेत काय?” सिस्टर थांबल्या. “पण ताई, ओतून दिलं तं पाजू काय? चार लेकरं आहेत आत. एकीची माय तं अजून शुद्धीवर नाही आली. आता थोड्या वेळात पाजायची वेळ होते. तोवर पाहा म्हणे मॅडम, नाही तं सिंकमध्ये ओता.”

मी पातेल्याकडे बघितलं. ताटली अजून थोडी वाकडीच होती.

“फोन ठेवू नका सिस्टर,” मी म्हणाले. “मी सरांना लावते.”

सर माझा फोन घेतील याची मला खात्री नव्हती. ‘वीज गेल्यावर’ हे पान मी दुरुस्त करून त्यांच्याकडे किती वेळा पाठवलं असेल आणि त्यांनी ते किती वेळा जसंच्या तसं परत लावलं असेल, त्याची गणती नाही. बाकी सगळ्या पानांना ते हसत हो म्हणायचे. हे पान आलं की त्यांचा सूर बदलायचा. “माणसाच्या बोलण्याला चेहरा असतो, बाई,” ते शेवटच्या भांडणात म्हणाले होते. “तुम्ही सगळ्यांना एकच गणवेश घालताय. एक पोर राहू द्या ना रंगीत कपड्यात.” मी म्हणाले होते, “सर, शाळा नाही ही. आजारी बाळांचं काम आहे.” त्यानंतर आमच्या गटावर माझ्या निरोपांना त्यांचं उत्तर येणं बंद झालं होतं.

आत्राम सिस्टरांचा फोन मी टेबलावर स्पीकरला ठेवला. लॅपटॉपवरून सरांना कॉल लावला आणि इअरफोनचं एक टोक कानात घातलं. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला.

“बोला हेडमास्तरीणबाई! रविवारचाही तास आहे का आज?”

“सर, ‘वीज गेल्यावर’चं पान...”

“त्या पानाला हात लावायचा नाही. मी सांगितलंय तुम्हाला. ठेवतो मी.”

“मी नाही लावला. एका सिस्टरनं लावलाय, आत्ता. ‘जुळवा’ दाबलं गेलंय आणि पिवळ्या बाटल्या हिरव्या झाल्यात.”

 कानात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“‘पूर्ण’ दाबलं?”

“नाही.”

“कॉम्प्युटर चालू आहे?”

“इन्व्हर्टरवर. तो ओरडतोय.”

“त्यांचा नंबर द्या. मी थेट बोलतो.”

“सर, तिथल्या रेंजचा काय भरवसा. हा फोन ठेवला आणि पुन्हा लागला नाही तर? तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते.”

“बरं. ऐका. वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतील.”

“सिस्टर, वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतायत?”

“आहेत.”

“त्या दाबा.”

“दाबल्या. यादी आली.”

“त्यात ‘मागची स्थिती’ असेल, ती निवडायला सांगा,” सर म्हणाले.

“‘मागची स्थिती’ निवडा, सिस्टर.”

“निवडली.”

“पण अर्थात,” सरांचं वाक्य अजून चालूच होतं, “तिथली वेळ वीज जायच्या आधीची असेल तरच. नंतरची असेल तर मुळीच निवडायची नाही, नाहीतर तेही पुसलं जाईल.”



“सिस्टर, थांबा. तिथे वेळ काय लिहिलीय?”

“कुठं?”

“‘मागची स्थिती’च्या खाली. बारीक अक्षरात.”

टीं टीं. टीं टीं.

“साडेअकरा.”

“वीज कधी गेली?”

“बारा वाजून गेले होते. भात आला होता आमचा.”

मी ते सरांना सांगितलं. त्यांनी सोडलेला श्वास माझ्या कानात घुमला. “सुटलो. चला, पुढचं सांगतो. आता चौकट येईल, त्यात ‘लागू’ दाबायला सांगा, म्हणजे त्याआधी...”

“सर, थांबा.”

“अहो, वेळ कुठे आहे थांबायला?”

“माझं अर्धं बोलणं ऐकून त्या करून मोकळ्या होतात. ‘दाबा’ म्हटलं की दाबलेलं असतं. तुमचं ‘पण’ नंतर येतं.”

“मग त्यांना सांगा, नीट ऐकून घ्या म्हणावं!”

“नाही सर, त्यांचा दोष नाही. जिवाची घाई झालेला माणूस असंच ऐकतो. तुम्ही तुमचं पूर्ण बोला. संपलं की मला सांगा, संपलं म्हणून. मग मी बोलेन.”

 सर कोरडेपणाने म्हणाले, “संपेपर्यंत गप्प बसते म्हणणारी हेडमास्तरीण पहिल्यांदाच बघतोय.”

मी फोनकडे वळले. “सिस्टर, एक करा. माऊसवरचा हात काढा. डोक्यावर ठेवा.”

“डोक्यावर?”

“हो. मी ‘आता करा’ म्हणेन तेव्हाच खाली आणायचा. केलं की पुन्हा डोक्यावर.”

“शाळेसारखं?” एवढ्या ताणातही त्या फिस्सकन हसल्या. “ठेवला जी. मॅडमनं पाहिलं तं म्हणन, ही पागल झाली.”

मग आम्ही तिघं एका वेगळ्याच चालीने चालू लागलो. सर बोलायचे, त्यांच्या सवयीने, करायचं ते आधी आणि सांभाळायचं ते मागून. “‘लागू’ दाबा, फक्त फ्रीजर दोनवर बरोबरची खूण आहे ना ते बघून, आणि एकवरची काढून. संपलं.” मी ते तोंडातल्या तोंडात उलटं करायचे आणि मग मोठ्याने सांगायचे. “सिस्टर, फ्रीजर एकसमोर बरोबरची खूण आहे का? आहे. मग ती काढा. आता करा. काढली? हात डोक्यावर. फ्रीजर दोनसमोर खूण आहे? आहे ना. मग आता ‘लागू’ दाबा. आता करा.” सर मध्ये बोलत नव्हते. त्यांना माझं सगळं ऐकू जात होतं, त्यांचंच वाक्य पायांवर उभं करून मी पुढे पाठवत होते तेही.

पाळण्यात जाई रडायला लागली.

आधी कुरकुर, मग ओठ काढून, मग जिवाच्या आकांताने. मी इअरफोन कानातून काढला, दार पायाने ढकलून तिला उचलून आणलं आणि इअरफोन पुन्हा कानात घातला. मांडीवर घेतलं, पदराखाली घेतलं. ती लागलीच पिऊ लागली, हुंदके देत, एका मुठीत माझं बोट.

“लहान आहे काय घरी?” सिस्टरांनी विचारलं.

“हो. आठवा महिना.”

“पाजा, पाजा. मी थांबते. माझा हात वरतंच आहे.”

पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरत होतं, असं त्या म्हणाल्या. सर म्हणाले, फिरू दे, जुन्या मशीनला वेळ लागतो.  जाईचे घोट ऐकू येत होते आणि त्या दूरच्या गावातलं टीं टीं. ते आता जवळजवळ आलं होतं, दोन टींमध्ये श्वास घेण्याएवढीच फट.

“हे बघा,” सर म्हणाले, “आता शेवटचं. ‘पूर्ण’ दाबा...”

जाईने माझं बोट सोडलं आणि वायर पकडली. लोंबणारं काहीही तिला तेव्हा आपलंच वाटायचं. तिने हिसका दिला. लॅपटॉपमधून इअरफोन निघाला आणि सरांचा आवाज मोठ्याने खोलीभर पसरला. टेबलावरच्या फोनच्या अगदी समोर.

“‘पूर्ण’ दाबा! अर्थात पिवळ्या परत पिवळ्या दिसायला लागल्यानंतरच, त्याआधी दाबलं तर सगळं गेलं!”

“सिस्टर!” मी ओरडले. “सिस्टर, नाही! दाबू नका!”

पलीकडून काही नाही. फक्त टीं टीं टीं. जाई दचकून दूध सोडून रडू लागली. सरांनी विचारलं, “काय झालं? काय झालं?” आणि मी फोन दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू तो दाबून पलीकडचा हात आवरता येणार होता.

“ताई, ओरडू नका,” आत्राम सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “हात डोक्यावरच आहे माझा.”

“दाबलं नाहीत?”

“काऊन दाबीन? तो तुमचा आवाज थोडीच होता. कोणी बाप्या ओरडून राहिला होता. मी ठरवलं होतं न, तुमचा आवाज म्हणन ‘आता करा’, तेव्हाच.”

 मी जाईला खांद्यावर घेऊन थोपटत राहिले. लॅपटॉपमधून सर काहीतरी पुटपुटले, ते बहुधा माझ्यासाठी नव्हतं.

“फिरणं थांबलं, ताई,” सिस्टर म्हणाल्या.

“बाटल्या कशा दिसतायत?”

“हिरव्या... हिरव्या... थांबा. ही पिवळी. ही पिवळी. खालची ओळ सारी पिवळी झाली! झाली बाप्पा!”

“तपासलेल्या हिरव्याच आहेत ना अजून?”

“आहेत. वरच्या दोन ओळी हिरव्या.”

मी सरांच्या बाजूला बघितलं, म्हणजे लॅपटॉपच्या काळ्या चौकोनाकडे. “सर?”

“तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “तुमच्या पद्धतीने सांगा.”

“सिस्टर, पिवळ्या पिवळ्या दिसतायत. हिरव्या हिरव्या दिसतायत. तर मग ‘पूर्ण’ दाबा. आता करा.”

माऊसची ती एवढीशी टिक मला फोनमधून ऐकू आली. पाठोपाठ इन्व्हर्टरची लांबच लांब किंकाळी, आणि मग काहीच नाही.

“गेला कॉम्प्युटर,” सिस्टर म्हणाल्या. “पण ‘जतन झाले’ लिहून आलं होतं. मी पाहिलं. वरच्या ओळीतले नंबर मनगटावर लिहून बी घेतले पेनानं. फोन चालू ठेवा जी, लेकरांना पाजून येते.”

त्या गेल्या. फोन चालूच होता. पावलं, दार, एका बाईचा “सापडलं का?” आणि सिस्टरांचा “हो मॅडम, वरची ओळ.” मग बराच वेळ नुसता खोलीचा आवाज, रिकाम्या खोलीला असतो तसा. सरही गेले नव्हते. आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता दुसऱ्या कुणाच्या खोलीची शांतता ऐकत बसलो. जाई पिऊन माझ्या हातावर पेंगली.

सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांचा श्वास जागेवर आला होता.

“प्यायली चारही. जिची माय शुद्धीवर नाही ती तं पुरं घेऊन गेली.”

“सिस्टर, एक विचारू? रागवू नका. तुम्ही पान शेवटपर्यंत वाचून मग का नाही केलंत?”

“आधी तसंच करत होती मी. पहिले तुमची पानं अशी होती की कुठं काय लिहून असन सांगता नाही यायचं, तं पुरं वाचूनच हात लावायची. आता सारी सारखी झाली न. वर लाल डबा असला तं भेव, नसला तं नाही. या पानावर डबा नव्हता. मी समजली, काही भेव नाही.”

सगळी पानं विस्कटलेली होती तेव्हा ते पान सुरक्षित होतं.  

“मग ‘पूर्ण’ का नाही दाबलंत?” मी विचारलं. “‘जुळवा’नंतर ती पुढचीच पायरी आहे. तुम्ही तर एकामागून एक करत होतात.”

“कारण मध्ये ते लिहून आहे न.”

“काय?”

“‘इथे थांब. एक घोट पाणी पी. मग पुढे चल.’” सिस्टरांनी ते पाठ असल्यासारखं म्हटलं. “मला तं हसूच आलं. मनात म्हटलं, सकाळपासून कोणी विचारलं नाही पाणी प्यायली का म्हणून, अन् हा कॉम्प्युटर विचारून राहिला. गेली माठाजवळ, प्यायली पाणी. परत आली तं पडदा जरा दुरून दिसला, साराच्या सारा हिरवा. म्हटलं, सकाळी तं खाली पिवळं होतं.”

ती ओळ मला माहीत होती. माझ्या प्रत्येक दुरुस्तीत ती लाल रेघेखाली गेली होती. बाजूला माझा शेरा: अनावश्यक. पानाचा सूर बिघडतो. काढावी.

“ठेवते जी आता,” सिस्टर म्हणाल्या. “ज्यानं लिहिलं त्याला सांगा, पाणी थंडगार होतं म्हणून.”

फोन बंद झाला. लॅपटॉप चालू होता, पण आवाज नव्हता. मला वाटलं सर गेले.

“अश्लेषा,” ते म्हणाले. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. “ते पान माझं नाही.”

मी जाईला पाळण्यात ठेवायचं विसरून तशीच उभी राहिले.

“प्रज्ञाचं आहे. माझ्या मुलीचं. तिचं बाळ सातव्या महिन्यात झालं होतं. तेव्हा गावात मिल्क बँक वगैरे काही नव्हतं. बाळ गेलं, आणि हिला दूध येतच राहिलं. त्याचं काय करायचं, हे तिला कुणी सांगेना. तिने मला विचारलं, बाबा, हे असं वाया जाणारं दूध आणि ती तशी उपाशी बाळं, मध्ये काहीच का नाही? म्हणून ओंजळ. प्रोग्रॅम मी लिहिला. पहिलं पान तिने, तिच्या मैत्रिणीसाठी. मैत्रीण नर्स होती, वीज गेली की घाबरून जायची. म्हणून त्यात ती ‘तू’ म्हणते. बोलल्यासारखं लिहिलंय. प्रज्ञा तशीच बोलायची. काम सांगून टाकायची आणि दारातून परत येऊन म्हणायची, आणि हो...”

  ‘बोलायची’ म्हणाले होते ते.

“ती जाऊन दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “आवाजाचं एक रेकॉर्डिंगसुद्धा नाही माझ्याकडे. आम्हाला कुठे माहीत होतं. ते पान मोठ्याने वाचलं की तेवढं येतं.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

“बदला तुम्ही,” सर म्हणाले. “आजच बदला. लाल चौकट वर घ्या, ‘आणि हो’ आधी आणा, ‘तू’चं ‘तुम्ही’ करा. तुमचा गणवेश घाला. आज त्या चार पोरांचं काही झालं असतं तर प्रज्ञाने मला सोडलं नसतं.”

“सर, एक ओळ मी ठेवणार आहे.”

 नाक ओढल्यासारखा आवाज आला. “नियमात बसत नाही ती,” ते म्हणाले.

“नियमांचं पान माझ्याकडेच आहे,” मी म्हणाले.

जाई माझ्या खांद्यावर झोपली होती, तशीच तिला एका हाताने धरून मी ते पान बदललं. सगळं बदललं. हर्षद आणि सासूबाई लग्नाचे लाडू घेऊन आले तेव्हा त्यांना पातेल्यातलं दूध नासलेलं सापडलं आणि मी टेबलाशी रडताना सापडले. सासूबाईंना वाटलं, दुधासाठी.

आता जाई दुसरीत आहे. ओंजळची पानं कितीतरी झाली आहेत, लिहिणारे नवे आले आहेत, हुशार आणि कडक. दर वर्षी त्यांतला कुणीतरी मला निरोप पाठवतो: ताई, ‘वीज गेल्यावर’मध्ये एक ओळ सुटली आहे, इतर पानांशी जुळत नाही, काढू का? मी लिहिते: असू द्या. खोब्रागडे सर हल्ली फारसं लिहीत नाहीत. पण असा निरोप आला की त्यांचा फोन येतो आणि ते एवढंच विचारतात, “राहिली ना?”

परवा मी काम करत होते आणि जाई पाठीमागे येऊन उभी राहिली. तिला हल्ली दिसेल ते मोठ्याने वाचायचं असतं, दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून ती पान वाचत गेली, बोट पडद्यावर टेकवत. “पिवळ्या बाटल्या असतील, तर त्या आधी वेगळ्या टिपून ठेवा. ‘जुळवा’ दाबा. इथे थांब. एक घोट...” ती थांबली. “आई, ही ओळ वेगळीच आहे. हे कोण बोलतंय?”

“एक मावशी होती,” मी म्हणाले. “खूप वर्षांपूर्वी तिने लिहून ठेवलंय.”

“माझ्यासाठी पण?”

“जो वाचेल त्याच्यासाठी.”

तिने ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली, ओठ हलवत. मग स्वयंपाकघरात पळाली. फुलपात्र माठात बुडल्याचा आवाज आला. घटाघटा पाणी पिऊन, हनुवटी पुसत ती परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“प्यायले,” ती म्हणाली. “आता तिला कसं कळणार?”